चाळीत वाळवलेली गाडी

पुरातून निघालेली गाडी माणसं आधी धुऊन काढतात. चिखल गेला, रंग दिसायला लागला की म्हणतात, काही झालं नाही हो, वाचली. असं म्हणणाऱ्याचा मला आता मनापासून राग येतो. माझे वडीलही तेच म्हणाले होते. ते देवळ्याचे, नाव गोरक्ष, पण सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा. कांद्यातले जाणते. दुसऱ्याच्या कांदा साठवायच्या चाळीत शिरून नुसत्या वासावर सांगायचे की माल कधीपर्यंत टिकेल.

गाडी माझ्या भावाची, रविराजची. पांढरी, नवीकोरी. ती घेतली आणि वर्षही धड झालं नाही तोच रवी डेंग्यूनं गेला. डेंग्यूला साधा ताप समजत राहिले आणि हातातला भाऊ निसटला. मागे राहिली त्याची बायको निकिता, दुडूदुडू चालायला लागलेली योगिनी आणि ही गाडी. नाना गाडी रोज पुसायचे. आई, म्हणजे सिंधुबाई, दुपारची कामं आटोपली की गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर बसायची. कुठे जायचं नसे, नुसती बसायची.

रवीच्या वर्षश्राद्धाला सगळे नाशिकला आले. मी इथेच इंदिरानगरला राहते. श्रावणाचे दिवस, पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. नानांनी गाडी गोदाकाठी, गंगेवरच्या पार्किंगला लावली. विधी कसाबसा काठावर उरकला, तोवर मागे इतक्या गाड्या लागल्या की आमची निघेना. भोंग्यावर ओरडत होते, धरणातून पाणी सोडलंय, वाहनं काढा. मी म्हटलं, नाना, मागच्या गाडीवाल्याला शोधू या. नानांनी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे बघितलं.

"गुडघ्याला तर पाणी हाय त्याच्या," ते म्हणाले. "अजून लय वेळ हाय. जेवून येऊ, तवर गर्दी हटंल."

नाशिकला कांदा घेऊन आले की गंगेचा पूर त्या मारुतीवरच मोजायची त्यांची हयातभराची सवय होती. माझे यजमान अमोल आपली गाडी घेऊन आले होते, तिच्यात बसून आम्ही घरी गेलो. जेवणं होऊन परत आलो तेव्हा मारुती छातीपर्यंत बुडाला होता आणि पार्किंगच्या जागी नुसतं तपकिरी पाणी होतं. आमच्या गाडीचं टप तेवढं दिसत होतं. नाना पाण्यात शिरायला निघाले, अमोलनी त्यांना कमरेला मिठी मारून धरलं. बापाला तसं धडपडताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला रडू आवरेना.

पाणी उतरल्यावर गाडी टोचन करून द्वारका चौकाजवळ सनीच्या गॅरेजला नेली. सनी आमच्या गाड्या बघणारा, तोंडाचा फटकळ. नाना किल्ली फिरवायला गेले तर त्यानं हातातून किल्ली काढून घेतली.

"नाना, चालू करायची नाही. इंजिनात पाणी असलं तर आत्ताच्या आत्ता तुकडे होतील."

"मग पाणी काढ."

"इंजिनातलं काढतो हो. ऑइल बदलून इंजिन उभं करता येईल. पण पाणी सीटच्या वर गेलंय. खाली सगळं वायरिंग आहे, कॉम्प्युटर आहे, एअरबॅगचा डबा आहे. तिथे गाळ बसला. त्याला आज काही होणार नाही. तो सावकाश खातो. चार-सहा महिन्यांनी एक दिवस चालता चालता गाडी बंद पडेल, आणि कुठे पडेल ते मी काय, कुणीच सांगू शकणार नाही."

विमा कंपनीचा माणूसही येऊन गेला. त्याचं मत तेच: गाडी गेली, सह्या करा, आम्ही ती उचलून नेतो. नानांना बाकी काही ऐकूच आलं नसावं. उचलून नेतो, एवढंच त्यांनी ऐकलं.

"माझ्या पोराची गाडी भंगारात टाकणारे तुम्ही कोण?" असं त्याच्यावर ओरडले, आणि कांदा खाली करून परतणाऱ्या एका ट्रकात गाडी चढवून थेट देवळ्याला घेऊन गेले.

तिथे त्यांनी जे केलं ते देवळ्याचा माणूसच करू जाणे. आमच्या दोन कांदाचाळी समोरासमोर आहेत आणि मधल्या बोळातून बारा महिने वारं वाहतं. गाडी त्या बोळात उभी केली. चाळीचा एक खण रिकामा करून घेतला. सीटा, गालिचे, दारांची आतली अस्तरं, सगळं सोडवून जिथे कांदा पसरतात त्या पट्ट्यांवर पसरलं, म्हणजे खालूनही वारा लागेल. चाळीतले मोठे पंखे गाडीच्या उघड्या दारांशी लावले. रोज सकाळी हात फिरवून बघायचे, ओल राहिली का. गावातली माणसं बघायला यायची आणि कौतुक करून जायची. गौरी-गणपती उलटून गेले तेव्हा नाना म्हणाले, वाळली. देवळ्यातल्या एका मेकॅनिकनं इंजिन खोलून, धुऊन परत बसवलं आणि गाडी खरंच चालू झाली.

दसऱ्याला तिची पूजा केली. झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. मी आत बसून बघितलं. आत कांद्याचा वास इतका मुरला होता की दुसरा कुठलाच वास येत नव्हता.

"बघ हर्षे," नाना खुशीत म्हणाले. "तुझा तो सनी काय म्हणत व्हता?"

मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. म्हटलं, "नाना, वरून टणक आणि आतून देठाशी सडलेला कांदा तुम्ही हातात घेताच ओळखता. ही गाडी तशी आहे."

ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "माझा रवी कांदा व्हता का गं?" एवढं बोलून ते आत गेले. दुःखाशी वाद घालता येत नाही, आणि त्यांचं दुःख तर चार चाकांवर दारात उभं होतं.

थंडीत गाडीचे नखरे सुरू झाले. पाऊस नसताना वायपर आपोआप फिरायचे. हॉर्न कधी वाजे, कधी मुका. समोरच्या काट्यांमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला तो विझेना, तेव्हा त्या मेकॅनिकनं त्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. दिवा दिसला नाही की रोग बरा, असं त्याचं शास्त्र. आणि एकदा बाजार समितीच्या दारात गाडी चालता चालता ठप्प झाली. नाना म्हणाले, बॅटरीचं टोक ढिलं झालं असंल. हे सगळं मला निकितानं फोनवर सांगितलं. निकिता कळवणची, शिकलेली, पण रवी गेल्यापासून त्या घरात ती पावलांचा आवाज होऊ न देता वावरायची.

मग योगूच्या जावळाचं निघालं. योगू दिवस भरायच्या आधी जन्मली होती आणि काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा रवीनं सप्तशृंगीला नवस बोलला होता: पोर जगली तर तिचं जावळ गडावर काढीन आणि माझ्या स्वतःच्या गाडीतून तिला घेऊन येईन. गाडी त्या नवसापायीच घेतली होती म्हणा ना. योगूला तिसरं लागलं होतं आणि चैत्राच्या यात्रेआधी हे उरकायचं असं नानांनी ठरवलं.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी आणि अमोल देवळ्याला पोचलो. मी चप्पल काढायच्या आधीच विषयाला हात घातला.

"नाना, अमोलच्या गाडीतून जाऊ. सगळे मावतो."

"नवस ज्या गाडीचा, त्याच गाडीतून जाणार."

"घाट आहे तो! बाजारात बंद पडली तशी घाटात पडली तर? पोर असेल आत!"

"पोरीच्या बापाची गाडी हाय ती. ती पोरीचं वाईट करंल व्हय?"

मी चिडले, बोलू नये ते बोलले, आवाज बाहेर ओसरीपर्यंत गेला. शेवटी नानांनी हात वर केला.

"तू आता इंदिरानगरची. या घरातलं या घराला ठरवू दे."

मी निकिताकडे वळले. "तू आई आहेस ना तिची? बोल की."

निकिता भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "नाना म्हणतील तसं," एवढंच म्हणाली. त्या क्षणी मला तिचा नानांपेक्षा जास्त राग आला. रात्रभर मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही.

सकाळी गाडी दारात लावली होती. नाना आंघोळ करून नवं धोतर नेसत होते, आई नैवेद्याचं बांधत होती. मागल्या दारी न्हाणीपाशी योगूला मांडीवर घेऊन निकिता बसलेली दिसली. न्हाऊ घातलेलं पोर, ओले कुरळे केस कपाळाला चिकटलेले. निकितानं मला हाक मारली.

"ताई, जरा पदर धरा."

जावळ काढताना पहिले केस आत्यानं पदरात झेलायचे असतात. मला आधी कळलंच नाही. मग तिच्या हातातली शिवणाची कात्री दिसली. मी ओढणी पसरून तिच्यापुढे बसले. मांडीवर घ्यायला मामा नव्हता, पुढे देवी नव्हती, न्हाव्याचा वस्तरा नव्हता. निकिता थांबली नाही. कच, कच, कच. योगूला गंमत वाटत होती. तिचे केस माझ्या ओढणीत पडत होते आणि मी कालचा सगळा राग गिळून निकिताच्या तोंडाकडे बघत होते. इतकं धाडस मला त्या घरात कधी जमलं नव्हतं.

"आता नवसच उरला नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आता तिला त्या गाडीत बसवायचं कारण नाही."

मागून नाना आले. त्यांनी पोरीचं ओबडधोबड डोकं पाहिलं, माझी ओढणी पाहिली. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"देवीच्या दारातलं काम न्हाणीवर उरकलं," ते म्हणाले. "रवीचा शब्द मोडला तुम्ही."

"मामंजी, मला पोर हवी आहे," निकिता म्हणाली. रवी गेल्यानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्या नजरेला नजर देत होती.

नानांनी माझ्यासमोर बसून ओढणीतला केस न केस वेचला. लाल फडक्यात पुरचुंडी बांधली. "केस तरी नेतो," म्हणाले, "अर्धा तरी फेडतो." आणि गाडीकडे निघाले.

मी धावत जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. "नाना, एकटेसुद्धा जाऊ नका. अमोल सोडतील तुम्हाला."

"बाजूला हो, हर्षे."

आई मागचं दार उघडून बसायला निघाली होती. एक पाय आत टाकला, आणि कोण जाणे का, तशीच थांबली. पाय बाहेर काढला, दार लावलं. "तुमीच जाऊन या," म्हणाली. अमोलनी मला बाजूला ओढलं. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

दुपारी नानांच्याच फोनवरून फोन आला, पण बोलणारा गडावरचा जीपवाला होता. नाना गडावर पोचले होते. केस देवीपुढे ठेवले, योगूसाठी प्रसाद घेतला. उतरताना नांदुरीच्या घाटात हा जीपवाला त्यांच्या मागेच होता. तो म्हणाला, वळणाआधी गाडीचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम गेले. गाडी वेगात नव्हती. इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकही एक-दोनदा दाबल्यावर लागेनासा होतो. नानांना ती वळवता आली नाही. दरीच्या बाजूला नाही गेले ते, डोंगराच्या बाजूला गेले. बॉनेट चेपलं, तेवढंच. काचसुद्धा पूर्ण फुटली नव्हती. पण छाती स्टिअरिंगवर आदळली आणि एअरबॅग उघडलीच नाही. कळवणला नेईपर्यंत खेळ संपला होता.

त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. पोरीला मांडीवर घेऊन निकिता तिथेच बसायची होती. हे मला आजही डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

गावाला मात्र घाट दिसला नाही, गाळ दिसला नाही. गावाला न्हाणीवर कापलेले केस दिसले. मातीला आलेली माणसं निकिताकडे बघून कुजबुजत होती, आणि दहाव्यापर्यंत कुजबुज संपून उघड बोलणं सुरू झालं. सगळ्यांत पुढे नानांची चुलत बहीण चिमणाबाई.

"सूनबाईनं नवस मोडला," ती ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "आधी नवरा खाल्ला, मंग सासरा. देवी सोडती व्हय? लय कडक देवस्थान हाय ते."

मी भांडले. वायरिंग, पाणी, गंज, सगळं सांगितलं. बायका ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, पण नेमकी त्याच दिवशी बरी बंद पडली गाडी? मग मी सनीला घेऊन कळवणच्या पोलीस ठाण्यावर गेले, गाडी तिथे आवारात उभी होती. सनीनं परवानगी घेऊन पुढची सीट सरकवली, गालिचा उचलला आणि खालून एक पिवळी खटकी, म्हणजे कनेक्टर, काढली. एअरबॅगची वायर तिथे जोडलेली असते. आतल्या पितळेच्या दांड्यांवर हिरवा चुरा साठला होता आणि कडेनं बारीक तपकिरी गाळ वाळून बसला होता. सनीनं ती खटकी माझ्या तळहातावर ठेवली आणि तोंड फिरवलं.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मी आईला आतल्या खोलीत गाठलं, दार लोटलं आणि खटकी तिच्या हातात दिली.

"आई, हे बघ. नाना यानं गेले. यातून वीज जाते तेव्हा ती पिशवी उघडते. हे सडलं होतं. इंजिनाकडच्या वायराही अशाच सडल्या असणार. निकितानं काही केलेलं नाही. उलट तिनं पोर वाचवली."

आईनं ती खटकी उलटसुलट केली. मग नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"ह्योच वास," ती म्हणाली.

"कसला वास?"

"ऊन तापलं का गाडीत यायचा. कांद्याच्या खालून. गंगेच्या चिखलाचा. मी रोज बसायचे ना, मला ठाव व्हतं, ती आतून वाळली नाय म्हनून." तिचा आवाज अगदी सरळ होता. "त्या दिवशी एक पाय आत टाकला तवा लय जोरात आला. मला भ्या वाटलं. मी उतरले."

"मग नानांना का नाही सांगितलंस? इतके महिने?"

"सांगितलं असतं तर गाडी नेली असती कुनी. तिच्यात बसले का मला रवी पुढं बसलाय असं वाटायचं."

बाहेरून चिमणाबाईचा आवाज येत होता. ती तेच पुन्हा सांगत होती. मी आईचा दंड धरला. मला तिची दया येत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"मग आता बाहेर चल. आत्ताच्या आत्ता. हे सगळ्यांना सांग. माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील. त्या पोरीला या गावात आयुष्य काढायचंय."

आईनं माझा हात दंडावरून काढला.

"देवीनं नेलं म्हटलं का मी जगंन गं," ती म्हणाली. "वास येत व्हता म्हटलं, तर मंग मीच नेलं त्यान्ला. मी उतरले अन् त्यान्ला जाऊ दिलं."

दार करकरलं. निकिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती देव जाणे. तिनं एक कप आईपुढे ठेवला, तिच्या हातातली खटकी अलगद काढून घेतली आणि मला परत दिली.

"ताई, राहू द्या," ती म्हणाली. "त्यांना आता दुसरं काय आहे?"

"आणि तुला? तुला हे लोक सुखानं जगू देणार नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली.

ती ट्रे घेऊन ओसरीत गेली. मी दाराबाहेर येऊन बघत होते, आई माझ्या मागे उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. निकितानं वाकून पहिला कप चिमणाबाईपुढे धरला. चिमणाबाईनं हात पदराखाली घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. तिच्या शेजारच्या बाईनंही तसंच केलं, मग तिच्या पुढचीनं. निकिता प्रत्येकीपुढे वाकत होती, क्षणभर थांबत होती आणि पुढे सरकत होती. मी वळून आईकडे पाहिलं. ती सगळं बघत होती. तिनं एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं, मग ते मागे घेतलं आणि दार लावून घेतलं.